कुर्डुवाडी : दोन हातांचे अंतर

रेल्वे स्थानकाच्या नावात जिथे ‘रोड’ हा शब्द येतो, तिथे एक गोष्ट खुशाल समजावी : पाटीवर ज्या गावाचे नाव आहे ते गाव तिथे नाही. लातूर रोडला लातूर नाही. सावंतवाडी रोडला उतरले की सावंतवाडीसाठी रिक्षा पाहावी लागते. अक्कलकोट रोडला उतरलेल्या स्वामीभक्ताचीही तीच गत. आमच्या कुर्डुवाडीच्या फलाटावर कित्येक दशके अशीच उसनी पाटी होती – ‘बार्शी रोड’. बार्शी तिथून सुमारे पस्तीस किलोमीटर दूर. म्हणजे रेल्वेच्या लेखी आमचे गाव नव्हतेच. होता तो दुसऱ्या गावाकडे जाणारा रस्ता.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले आणि तीस वर्षे एका आडत दुकानात हिशेब लिहिले. रेल्वेचा नाद लागला तो रद्दीत सापडलेल्या एका जुन्या वेळापत्रकामुळे. पुढे गॅझेटिअर, जुने नकाशे, म्हाताऱ्या रेल्वे कामगारांच्या भेटी असे करत वह्या भरत गेल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले हे स्थानक देशातल्या मोठ्या स्थानकांत मोडत नाही. पण रेल्वेने गाव कसे वसते आणि रेल्वेनेच त्याचा धंदा कसा उठतो, हे कुर्डुवाडीइतके स्वच्छ दिसणारी ठिकाणे थोडी असतील. त्याचे मूळ एका साध्या वजाबाकीत आहे. ती पुढे येईलच.

रूळ आले, गावे बाजूला राहिली

मुंबई–ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली, हे आपण शाळेत शिकतो. त्यानंतर ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ म्हणजे जीआयपी कंपनीने १८५८ मध्ये पुणे गाठले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रूळ भीमेकाठच्या डिकसळपर्यंत आले. ऑक्टोबर १८५९ मध्ये डिकसळ ते बार्शी रोड हा टप्पा सुरू झाला, जानेवारी १८६० मध्ये मोहोळ आणि जून १८६० मध्ये सोलापूर. म्हणजे सुमारे तीन महिने बार्शी रोड हे या लोहमार्गाचे शेवटचे टोक होते. पुण्याहून आलेली गाडी इथे थांबे आणि पुढचा मुलूख बैलगाडीचा असे.

कंपनीला घाई मद्रासकडच्या रुळांना जाऊन मिळण्याची होती. १८७१ मध्ये रायचूरला ती गाठ पडली. या सरळ जाणाऱ्या रेषेच्या एका अंगाला बार्शी राहिली. बालाघाटाच्या पट्ट्यातला कापूस जमा होणारी ही मोठी पेठ. दुसऱ्या अंगाला पंढरपूर राहिले, तेही पन्नास किलोमीटरवर. एकीकडे माल, दुसरीकडे माणसे, आणि मधे हे माळरानावरचे स्थानक. कुर्डू गावाची ही वाडी. पाण्याची ओढ, जमीन हलकी. इथे गाव मोठे व्हावे असे निसर्गाने काहीच ठेवले नव्हते.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षे दोन्हीकडची वाहतूक बैलगाड्यांनी चालली. कापसाच्या गाड्यांची रांग बार्शीहून यायची आणि वारकरी इथे उतरून पंढरीची वाट धरायचे. पावसाळ्यात ही वाट काय होत असेल, हे काळ्या मातीत चाक रुतलेल्या माणसाला सांगायला नको. आषाढी तर नेमकी पावसाळ्यातच.

कॅलथ्रॉपचे डोके

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मोठ्या रेल्वेला माल आणून देणाऱ्या लहान, स्वस्त रेल्वे काढाव्यात, हा त्याचा ध्यास. बार्शीचा कापूस आणि बार्शी रोडचे स्थानक यांच्यामधल्या बैलगाड्या त्याने हेरल्या. कंपनीत राहून हे काम होईना, तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि १८९५ मध्ये इंग्लंडात ‘बार्शी लाईट रेल्वे’ ही कंपनी उभी केली. मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन ही गाडी सुरू झाली. आमच्याकडे आजही म्हातारी माणसे ‘रेल्वे’ म्हणत नाहीत, ‘बार्शी लाईट’ म्हणतात.

या माणसाचे वेगळेपण कशात होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी लहान गेजची गाडी म्हणजे खेळणे, असा समज होता. रूळ हलके म्हणून डबे छोटे आणि माल थोडा. कॅलथ्रॉपने हिशेब उलटा मांडला. रुळाला गाडीचे एकूण वजन जाणवत नाही, एका आसावर येणारे वजन जाणवते. मग वजन जास्त आसांवर वाटून द्या. एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको, हा त्याने नियमच केला. मालडबा असो, प्रवासी डबा असो की इंजिन. डबे लांब, पण प्रत्येकाखाली चार-चार चाकांच्या दोन बोग्या. सांगाडा दाबीव पोलादाचा, म्हणून हलका. इंजिनाला चालवणाऱ्या चाकांच्या चार जोड्या. त्यामुळे वाराला तीस पौंड वजनाचा, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलोचा रूळ पुरला. आजच्या मुख्य मार्गावरचा रूळ मीटरला साठ किलोचा असतो, यावरून अंदाज यावा. गाड्या इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून त्यांची चाचणी घेतली गेली आणि ती पाहायला जाणकार मंडळी आली. इंग्लंडातली लीक अँड मॅनिफोल्ड ही डोंगरी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तिच्यामागेही हाच माणूस आणि बार्शीचाच अनुभव. उतारवयात कॅलथ्रॉप विमानातून उडी मारायच्या छत्रीच्या मागे लागला. त्याची ‘गार्डियन एंजल’ ही छत्री पहिल्या महायुद्धात वापरली गेली.

बार्शी लाईट वाढत गेली. १९०६ मध्ये बार्शी रोडहून पंढरपूर. दुसरीकडे निजामाच्या मुलखात शिरून १९११ मध्ये लातूर. १९२७ मध्ये पंढरपूरहून पुढे मिरज. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. मिरज ते लातूर असा सव्वातीनशे किलोमीटरचा हा मार्ग. त्याच्या मधोमध, मोठ्या गाडीला छेद देणाऱ्या जागी, आमचे स्थानक. मोठ्या लाईनवरचा एक थांबा आता जंक्शन झाला.

वजाबाकी

आता ती वजाबाकी. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमधले अंतर साडेपाच फूट. डलहौसीच्या काळात ठरलेले. बार्शी लाईटचे अडीच फूट. फरक तीन फुटांचा. जुन्या मापात सांगायचे तर एक वार, म्हणजेच दोन हात.

या दोन हातांच्या फरकावर कुर्डुवाडी जगली. मोठ्या गाडीचा डबा लहान रुळावर जाऊ शकत नाही आणि लहान गाडीचा मोठ्या रुळावर. म्हणजे लातूरहून मुंबईला निघालेली प्रत्येक कापसाची गाठ, मिरजेकडून आलेली प्रत्येक गुळाची ढेप आणि मुंबईहून बार्शीला निघालेला रॉकेलचा प्रत्येक डबा इथे माणसाच्या अंगावरून पलीकडे जाणार. रेल्वेच्या भाषेत ‘ट्रान्सशिपमेंट’. आमच्या गावात त्याला ‘टॅन्सिप’ म्हणत.

माझे आजोबा या टॅन्सिपवर हमाल होते. रेल्वेचे नोकर नव्हेत, ठेकेदाराचे. एका बाजूला मोठ्या गाडीच्या वाघिणी, दुसऱ्या बाजूला लहान गाडीच्या, मधे मालधक्का. वाघीण लागली की सील पाहायचे, दार उघडायचे, कारकून चिठ्ठी घेऊन उभा राहायचा आणि नग मोजत माल पलीकडे जायचा. पोते पाठीवर, ढेप खांद्यावर. दाबलेल्या कापसाच्या गाठीत त्या काळी ३९२ पौंड कापूस असे, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर. ती एकट्याने उचलायची नसते. लोखंडी आकडा खुपसून, दोघा-चौघांनी लोळवत न्यायची असते. हा आकडा आमच्या घरात अजून आहे. त्याची मूठ झिजून बोटांच्या आकाराची झाली आहे.

मी आडतीत हिशेब लिहीत असल्यामुळे मला या कामाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. माल जितक्यांदा हलतो, तितक्यांदा घटतो. पोते फाटते, ज्वारी सांडते, डबा चेपतो, गाठ भिजते. शिवाय वेळ. पलीकडच्या वाघिणी आल्या नाहीत तर माल धक्क्यावर पडून राहणार. व्यापाऱ्याच्या वहीत कुर्डुवाडी म्हणजे खर्च, घट आणि उशीर. त्याची तक्रार खोटी नव्हती.

पण त्याच घटीवर आमचे घर काही अंशी चालले, हेही तितकेच खरे. आजी सांगायची, “मालधक्का झाडायला आम्ही चौघी-पाचजणी जायचो. सांडलेली जवारी, तूर, कधी शेंगा. दिवसाला शेर-दीड शेर व्हायची. माती पाखडून काढायची. दुष्काळात तीच भाकरी.” मोठ्या व्यापाऱ्याच्या खात्यात जी घट लिहिली जाते, ती कुणाच्या तरी सुपात पडते, हे मला आजीने शिकवले. त्यासाठी अर्थशास्त्र वाचावे लागले नाही.

फलाटावरचे दिवस

माणसांचीही टॅन्सिप होतीच, पण ती आपल्या पायांनी चालायची. मुंबई–पुण्याकडची गाडी मध्यरात्री आली की फलाटावर एकदम जाग. पंढरपूरची, मिरजेची, लातूरची लहान गाडी पहाटे. मधला वेळ फलाटावर. माणूस थांबला की त्याला चहा लागतो, भजी लागतात, बिडी लागते, पोराला दूध लागते, बायकांना आडोसा लागतो. अशा थांबलेल्या माणसांच्या गरजांतून स्थानकासमोर खाणावळी आल्या, धर्मशाळा आली, लॉज आले, टांगे आले. कुर्डुवाडीची पेठ ही वाट पाहणाऱ्यांची पेठ आहे.

आषाढी-कार्तिकीला तर फलाट दिसायचाच नाही. जादा गाड्या सुटत, डबे कमी पडत. मग मालाच्या वाघिणींत वारकरी बसत आणि तरीही उरलेले टपावर चढत. रात्रभर टाळ-मृदंग. आजीच्या तरुणपणी पटकीची लस टोचून घेतल्याशिवाय वारकऱ्यांना पुढे सोडत नसत. सुईला भिऊन पळणाऱ्या म्हाताऱ्यांची नक्कल ती फार छान करायची.

माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी, बार्शी लाईटला वाफेचे इंजिन होते. तिचा वेग हा सगळ्या पंचक्रोशीच्या विनोदाचा विषय. पुढच्या डब्यातून उतरावे, बोरे तोडावीत आणि मागच्या डब्यात चढावे, हा किस्सा सोलापूर जिल्ह्यात ज्याने सांगितला नाही असा माणूस सापडणे कठीण. पण याच गाडीने बार्शीच्या शाळा-कॉलेजात पोरे शिकली. दुधाच्या कासंड्या, कोंबड्या, आजारी माणूस, नवी नवरी, सारे तिच्यातून गेले. गाडी कमी वेगाची होती, पण कुणाला मागे टाकून जात नव्हती.

१९५४ मध्ये सरकारने बार्शी लाईट कंपनीकडून विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. कुर्डुवाडीच्या कारखान्यात लहान गाडीची दुरुस्ती होई. माथेरानच्या त्याहूनही अरुंद गाडीचे डबे-इंजिनेही दुरुस्तीला इथेच येत. या कारखान्याने गावाला फिटर दिले, लोहार दिले, सुतार दिले आणि पगाराची ठराविक तारीख दिली. माझे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणतो – या कारखान्यात खलाशी म्हणून लागले. हमालाचा मुलगा सरकारी नोकर झाला. आमच्या घरात गणपतीपेक्षा मोठा सण झाला होता म्हणे.

अंतर मिटले

१९९२ पासून रेल्वेने देशभर एकच गेज करायचे धोरण धरले. आमच्याकडे आधी कुर्डुवाडी–पंढरपूर झाले. मग २००७-०८ च्या सुमारास लातूरची बाजू आणि २०१० च्या आसपास पंढरपूर–मिरज. नवा मार्ग जुन्याच वाटेने गेला असे सर्वत्र नाही. बार्शी लाईटने धाराशिव बाजूला टाकले होते. मोठी लाईन वळसा घेऊन त्या जिल्ह्याच्या गावाला गेली. दीडशे वर्षांपूर्वी बार्शी-पंढरपूर जसे बाजूला राहिले, तसे पुन्हा होऊ नये, असे कुणाला तरी वाटले असावे.

आता मुंबईहून लातूरला माणूस झोपून जातो. कोल्हापूर–नागपूर गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर असे करत थेट जाते. कुर्डुवाडीला ती थांबते, पण तिच्यातल्या माणसाला उतरावे लागत नाही. टॅन्सिपचे काम गेले. पहाटेच्या गाडीची वाट पाहणारे गेले, त्यांच्या मागोमाग फलाटासमोरच्या दोन खाणावळी गेल्या. जुन्या धक्क्याच्या जागी बाभळी उगवल्या.

मी या विषयावर बोलायला लागलो की माझा सूर हळहळीचा होतो, हे मला माहीत आहे. बरीच वर्षे माझ्या वह्यांतही तोच सूर होता. लहान गाडी गेली, गावाचे गावपण गेले, वगैरे. तो सूर बदलला एप्रिल २०१६ मध्ये.

त्या साली लातूर शहराचे पाणी संपले. नळाला पाणी नाही, टँकरवर रांगा, भांडणे. सरकारने मिरजेहून रेल्वेने कृष्णेचे पाणी न्यायचे ठरवले. राजस्थानातल्या कोट्याहून वाफेने धुतलेल्या टाकीच्या वाघिणी मिरजेला आल्या. पहिली गाडी दहा वाघिणींची, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. ११ एप्रिलला ती मिरजेहून निघाली आणि १२ च्या पहाटे लातूरला पोहोचली. मार्ग ३४२ किलोमीटर – पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. म्हणजे बार्शी लाईटचाच. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या जाऊ लागल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर.

अशी एक गाडी पाहायला मी अण्णांना घेऊन स्टेशनवर गेलो. अण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. मी आदल्या रात्री हिशेब केला होता. एका वाघिणीत पन्नास टन नुसते पाणी. चार आस. म्हणजे एका आसावर पाण्याचेच साडेबारा टन. वाघिणीचे वजन वेगळे. कॅलथ्रॉपचा नियम पाच टनांचा. बार्शी लाईटच्या मूळ रुळांवर ही गाडी उभीसुद्धा राहिली नसती. आणि कोट्याच्या वाघिणी लहान रुळांवर चढल्याच नसत्या. गेज बदलले नसते तर त्या उन्हाळ्यात लातूरला हे पाणी या वाटेने मिळाले नसते.

हे सगळे मी अण्णांना सांगितले. गाडी संथपणे पुढे सरकत होती. त्यांनी वाघिणी मोजल्या, शेवटपर्यंत. मग म्हणाले, “तुझ्या आजोबाला इचारलं असतंस, तर तो काय म्हनला असता सांगू? बरं झालं म्हनला असता. पाठ त्याची गेली, तुझी न्हाई.” आणि थोड्या वेळाने, “पर त्येंची नावं कुठं लिवल्यात का रं?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कॅलथ्रॉपवर लिहिलेले मी वाचले आहे. त्याच्या इंजिनांचे मोजमाप, चाकांची संख्या, बांधणाऱ्या कारखान्यांची नावे रेल्वेच्या शौकिनांनी जपून ठेवली आहेत आणि मी त्यांचा ऋणी आहे. पण दोन हातांचे ते अंतर ज्यांनी शतकभर आपल्या अंगावरून पार केले, ती माणसे ठेकेदाराची. रेल्वेच्या हजेरीपटावर त्यांचे नाव असण्याचे कारण नव्हते, आणि ठेकेदाराच्या वह्या वाळवीने खाल्ल्या की बंबात गेल्या, देव जाणे. ज्या कामावर एक गाव उभे राहिले, ते काम करणाऱ्यांची यादी मला अजून मिळालेली नाही.

म्हणून या लेखाच्या शेवटी वाचकांना एक विनंती. मिरजेपासून लातूरपर्यंत, या लाईनच्या कडेच्या कुठल्याही गावात, तुमच्या घरात पितळी बिल्ला असेल, मजुरीची चिठ्ठी असेल, मालधक्क्यावरचा एखादा फोटो असेल, तर तो दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका. मागच्या बाजूला नाव लिहून ठेवा.

त्या दिवशी घरी आल्यावर अण्णांना आजोबांच्या टोळीतली अकरा नावे आठवली. दोघांची नुसती टोपणनावे होती. ती तशीच वहीत लिहून घेतली आहेत.